आतोबांची मोटार जुनी झाली काय?

2025 च्या दिवाळीनंतर चार दिवस बालाघाटला आत्याकडे राहण्याचा योग आला. वारासिवनीला गाण्याची एक घरगुती बैठक ठरली होती, तेव्हा वडिलांचा तंबोरा बरोबर घेऊनच निघालो. गोंदियाच्या स्थानकावर आतोबा स्वतः मोटार घेऊन हजर. माझी ती अवघडलेली स्वारी पाहून त्यांनी मागचे दार उघडले आणि म्हणाले, "तंबोरा आधी आत जाऊ द्या, गवई मागाहून!" तंबोरा आडवा, भोपळ्याखाली घडी केलेली रजई, आणि तरीही एका माणसाला ऐसपैस जागा. तंबोऱ्याचा प्रवास ज्याने केला आहे त्यालाच या सुखाची किंमत कळेल.

मोटार म्हणजे मारुतीची सियाझ, 2015 सालची. भरवेलीच्या मँगनीज खाणीतून आतोबा निवृत्त झाले, त्या पैशांतून घेतलेली. रंग करडा, काचा लख्ख, आसनांवर आत्याच्या हातची अभ्रेवजा आच्छादने. मला तर ती कालपरवाची वाटली. परंतु रात्री ओसरीवर पाने मांडली गेली आणि आतेभावाने विषय काढला, "अप्पा, ही मोटार आता जुनी झाली. रूपही जुने, आतला सरंजामही जुना. विकून टाकू आणि एखादी उंच मोटार घेऊ." पुढले दोन तास घरात दुसरे बोलणे झाले नाही.

आतेभावाचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. ही मोटार 2014 च्या ऑक्टोबरात बाजारात आली. 2018 साली तिचे तोंड थोडे बदलले, दिवे नव्या धर्तीचे झाले, इंजिन मोठे आले; पण अंगलट तीच राहिली. छतात उघडणारी काच तिला कधीच मिळाली नाही, आणि आज लग्न जमवताना मुलाच्या पगाराखालोखाल त्या काचेची चौकशी होते म्हणतात! अखेर 2025 च्या एप्रिलमध्ये कारखान्याने ती बनवणेच बंद केले. "कारखान्यानेच जिला जुनी ठरवले, तिची बाजू तुम्ही का घेता?" हा त्याचा शेवटचा मुद्दा.

आतोबा सावकाश म्हणाले, "कारखान्याने बंद केली ती खपत नव्हती म्हणून. वाईट होती म्हणून नव्हे." आणि त्यांनी आकडे मोजले : मागे सामानाला 510 लिटरची जागा, पुढच्या-मागच्या चाकांच्या आसांत 2650 मिलिमीटरचे अंतर, त्यामुळे मागे बसणाऱ्याला पाय पसरता येतात. हे आकडे त्यांना तोंडपाठ होते, हे पाहून मला गंमत वाटली.

मोटारीचे रूप जुने होते म्हणजे काय होते, हा प्रश्न आपल्या जुन्या घरांतून पूर्वी निघतच नसे. अँबॅसडर घ्या. मॉरिस ऑक्सफर्ड या विलायती मोटारीचा साचा कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास आला आणि 1957 पासून 2014 च्या मेपर्यंत तोच ढाचा रस्त्यावर राहिला. पुढची जाळी बदलली, नावापुढचा आकडा बदलला, इतकेच. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट तशीच. तिच्या पन्नाशीच्या दशकातल्या गोल नाकाच्या थोरल्या बहिणीला आपण प्रेमाने डुक्कर फियाट म्हणत असू. पुढे पद्मिनी हे नाव आले, रूप साठीच्या दशकातलेच राहिले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा लोक हळहळले. मात्र ही निष्ठा थोडी सक्तीची होती, हे विसरू नये. परदेशी मोटारींना दार बंद, परवाना दोघातिघांना, आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची. दुसरी मिळतच नाही, तिथे पहिलीला जुनी कोण म्हणणार?

अमेरिकेत हे फार आधी घडले. फोर्डची टी मोटार 1908 पासून 1927 पर्यंत जवळजवळ एकाच रूपात विकली गेली. तिला मागे टाकणाऱ्या जनरल मोटर्सने त्याच 1927 साली रूप आणि रंग यांसाठी हार्ले अर्लच्या हाताखाली वेगळे खातेच उघडले. दरसाल नवा मुखवटा चढवायचा, म्हणजे शेजाऱ्याची मोटार पाहून आपली आपोआप जुनी दिसू लागते. (ज्या सेडन जातीची ही सारी चर्चा, तेच नाव सतराव्या शतकात विलायतेत माणसांनी खांद्यावर वाहायच्या बंद खुर्चीला होते, आपला मेणाच तो. मेण्यातही मखमलीचा आणि साध्या कापडाचा असा भेद असेच.)

माझा राग रूपावर नाही, प्रतींवर आहे. याच सियाझच्या उत्तरायुष्यात चार प्रती होत्या : सिग्मा, डेल्टा, झीटा, अल्फा. ग्रीक वर्णमालेतले पहिले अक्षर सर्वांत महाग मोटारीला. चामड्याचे आसन, चकचकीत पट्टी यांचे वेगळे पैसे खुशाल घ्यावेत. हौसेला मोल असतेच. परंतु आपल्याकडे एके काळी अपघातात छाती वाचवणारी हवेची पिशवीही पुष्कळ मोटारींत वरच्या प्रतीच्या गिऱ्हाइकालाच मिळे. चालकापुरती ती सक्तीची झाली 2019 च्या जुलैत. शिष्याकडून तानांचे जादा पैसे घ्या हवे तर, पण षड्ज लावून देण्याचे वेगळे मागू नका, असे मी त्या रात्री बोललो. आतोबा खूष झाले. आतेभाऊ म्हणाला, "दादा, मग त्या पिशव्यांसाठी तरी नवी घेऊ या." याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आत्या इतका वेळ सुपारी कातरत होती. "मला कोणी विचारले का?" ती म्हणाली. "या मोटारीतून उठताना गुडघे ओरडतात, आणि शेजारच्यांच्या त्या उंच मोटारीत चढताना ओरडतात. वाकायलाही नको नि चढायलाही नको, अशी प्रत निघाली की सांगा."

दुसऱ्या दिवशी वारासिवनीची बैठक उशिरा संपली. परतताना मोटार आतोबांच्याच हाती. वैनगंगेच्या अलीकडे समोरून एक ट्रक डोळ्यांवर प्रकाश फेकत गेला, आणि तो जाताच कडेने बिनदिव्याची सायकल हाकणारा एक म्हातारा मला दिसला. आतोबांना तो दिसला नव्हता. मी ओरडलो, त्यांनी करकचून ब्रेक दाबला, तंबोऱ्याच्या तारा झणत्कारल्या. म्हातारा काही न कळता पुढे निघून गेला.

आतोबा मोटार थांबवून बराच वेळ बसले. मग आतेभाऊ मागून हलक्या आवाजात म्हणाला, "दिवे पिवळे आहेत, अप्पा. मी तेच म्हणत होतो." मला वाटते, तो दोन दिवस दुसरेच काही म्हणत होता आणि ते तोंडावर आणण्याचा धीर त्याला होत नव्हता. आतोबा सत्तरीचे आहेत. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे, हे त्यांनी घरात सांगितलेले नव्हते.

त्यांनी किल्ली काढून मागे दिली. "दिवे ठीक आहेत," एवढेच म्हणाले.

मोटार विकायचे त्या घरात अजून ठरलेले नाही. डोळ्याची शस्त्रक्रिया आधी, असे आत्याने जाहीर केले आहे. मला गोंदियाला सोडायला आले तेव्हा आतेभाऊ चालवत होता आणि आतोबा मागे तंबोऱ्याशेजारी, एक हात भोपळ्यावर ठेवून बसले होते. अर्ध्या वाटेत म्हणाले, "मागे बसल्यावर कळते रे, जागा खरोखरच बरी आहे."