मुखाच्या कर्करोगात मानेतील लसीकाग्रंथींची शस्त्रक्रिया : आधी की नंतर?

प्रस्तावना

जिभेच्या कडेला दोन-अडीच सेंटिमीटरची गाठ आहे. मान तपासता हाताला काहीच लागत नाही. अशा रुग्णास शल्यचिकित्सक जेव्हा मानेतील लसीकाग्रंथीही काढून टाकण्याचा सल्ला देतात, तेव्हा कुटुंबीय स्वाभाविकपणे विचारतात, की जेथे रोग दिसत नाही तेथे शस्त्र कशासाठी? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचे विवेचन केले आहे. त्याचे सर्वांत ठोस उत्तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून आले आहे. त्याच संस्थेचे अ‍ॅक्ट्रेक हे संशोधन व उपचार केंद्र पनवेल तालुक्यात खारघर येथे असल्याने येथील वाचकांस हा विषय परका नाही. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखूचे व्यसन सुटलेले नाही, आणि महाविद्यालयीन वयातील मुलेही त्यापासून दूर नाहीत.

दोन मतप्रवाह

शरीरातील पेशींभोवती झिरपणारा द्रव लसीकावाहिन्यांतून ग्रंथींकडे जातो व तेथे गाळला जातो. मूळ गाठीपासून सुटलेल्या कर्कपेशी बहुधा याच वाटेने जातात आणि जवळच्या ग्रंथीत अडकतात. आरंभी त्यांची संख्या इतकी अल्प असते की स्पर्शाने, किंबहुना सोनोग्राफीनेही त्या कळत नाहीत.

एका मतानुसार तोंडातील गाठीबरोबरच मानेच्या वरच्या व मधल्या भागातील ग्रंथी काढाव्यात. दुसऱ्या मतानुसार रुग्णावर लक्ष ठेवावे व मानेत गाठ आली तरच शस्त्रक्रिया करावी. दुसरे मत अविचारी नव्हते. मानेच्या शस्त्रक्रियेत खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस व खालच्या ओठाची नस यांना इजा पोहोचण्याची भीती असते. ज्यांच्या मानेत रोग नसतो त्यांना ही झळ विनाकारण सोसावी लागते. हा वाद कित्येक दशके अनुभवाच्या व मतांच्या आधारेच चालला होता.

टाटा स्मारक रुग्णालयातील चाचणी

डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 ते 2014 या काळात 596 रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली. पहिल्या 500 रुग्णांचे निष्कर्ष 2015 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या मानेतील ग्रंथी आरंभीच काढल्या, त्यांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. प्रतीक्षा करणाऱ्या गटात हे प्रमाण 67.5 टक्के होते. रोगमुक्त राहण्याचे प्रमाण अनुक्रमे 69.5 व 45.9 टक्के असे होते. साडेबारा टक्क्यांचा हा फरक सोप्या भाषेत सांगायचा, तर आठ रुग्णांवर आरंभीच मानेची शस्त्रक्रिया केल्यास एकाचा मृत्यू टळतो. प्रतिकूल परिणाम आधीच्या शस्त्रक्रियेत काहीसे अधिक, म्हणजे 3.6 ऐवजी 6.6 टक्के, आढळले.

आकडे वाचताना एक गोष्ट निसटू नये. आरंभीच शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे 70 टक्के रुग्णांच्या ग्रंथींत रोग नव्हताच. म्हणजे कुटुंबीयांची शंका बहुसंख्य रुग्णांपुरती खरी ठरते! परंतु ते रुग्ण कोणते, हे आधी ओळखता येत नाही. आणि प्रतीक्षेत मानेत परतलेला रोग अधिक वाढलेल्या अवस्थेत, पुष्कळदा ग्रंथीचे आवरण भेदून आलेला आढळतो. चाचणीतील प्रतीक्षेचा गट नियमित तपासणीखाली होता, तरीही हा फरक पडला. जेथे तपासणीसाठी येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे, तेथे प्रतीक्षेची जोखीम याहून कमी असेल असे मानण्यास आधार नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

स्तनाच्या कर्करोगाशी तुलना

याच काळात स्तनाच्या कर्करोगात मात्र प्रवाह उलट दिशेने वाहिला. तेथे प्रहरी ग्रंथी, म्हणजे गाठीकडून येणारी लसीका सर्वप्रथम ज्या ग्रंथीत पोहोचते ती, शोधून तपासतात व ती निरोगी असल्यास काखेतील इतर ग्रंथींना हात लावत नाहीत. अमेरिकेतील 891 स्त्रियांवरील चाचणीने 2011 मध्ये दाखविले, की स्तन वाचवून गाठ काढलेल्या व पुढे किरणोपचार घेणाऱ्या रुग्णांत एक-दोन प्रहरी ग्रंथी बाधित असल्या तरी उरलेल्या ग्रंथी न काढण्याने आयुर्मान घटत नाही. हाताला कायमची सूज येण्याचा त्रास यामुळे पुष्कळ टळतो.

ही विसंगती वाटेल, पण तशी ती नाही. स्तनाच्या रोगात मागे राहिलेल्या पेशींना आवरण्यास किरणोपचार, संप्रेरकोपचार व औषधोपचार बहुतेक रुग्णांना दिले जातातच. मुखाच्या आरंभीच्या रोगात बहुधा शस्त्रक्रिया हाच एकमेव उपचार असतो; त्यामुळे मानेत राहिलेला रोग अडविण्यास दुसरे कोणी नसते.

मुखरोगातही प्रहरी ग्रंथीचा मार्ग खुला होत आहे. फ्रान्समधील 2020 च्या व जपानमधील 2021 च्या चाचण्यांत तो पूर्ण शस्त्रक्रियेच्या तोडीचा ठरला. मात्र त्यासाठी किरणोत्सारी द्रव्य, ते टिपणारे उपकरण व ग्रंथीचे अतिशय बारीक काप तपासणारा विकृतिशास्त्रज्ञ एकत्र असावे लागतात. आणि ग्रंथी बाधित निघाल्यास दुसरी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. लहान शहरांतील रुग्णालयांत ही सारी जुळणी सहसा नसते.

म्हणून रुग्णाने गाठीच्या लांबी-रुंदीइतकीच तिच्या खोलीचीही चौकशी करावी. तीन-चार मिलिमीटरहून उथळ गाठीत मानेच्या शस्त्रक्रियेचा लाभ तितकासा स्पष्ट नाही आणि तेथे प्रतीक्षेस जागा आहे. ती स्वीकारल्यास पहिले वर्षभर दर चार ते सहा आठवड्यांनी मान तपासून घेणे हा त्या उपचाराचाच भाग ठरतो.