लाखेच्या तबकड्यांवरचे गाणे

ग्रामोफोन कंपनीने भारतात गाणे तबकडीवर घ्यायला सुरुवात केली ती नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यात. फ्रेड गायसबर्ग या तंत्रज्ञाने तेथे गौहरजान आणि इतर गायिकांचा आवाज मेणावर उतरवला. मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तबकड्या छापून जहाजाने परत येत. गाणारे कोण हे तिथल्या कामगारांना कळावे म्हणून कलावंत गाणे संपताच आपले नाव उच्चारत. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर फुलणारा ख्याल त्या वेळात बसवायचा तर विलंबित लय बहुधा वगळावीच लागे; आलाप दोन-चार स्वरवाक्यांत उरकून गायक चिजेच्या मुखड्यावर आणि तानेवर येत. विजेवर चालणारा मायक्रोफोन येण्यापूर्वी कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे आणि तंबोरा जवळपास ऐकूच येत नसे. १९२५ नंतर विद्युत मुद्रण आले आणि हळुवार आवाजाला न्याय मिळाला. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांची सुरुवातीची मुद्रणे आणि १९३०च्या दशकातील मुद्रणे शेजारी ठेवून ऐकली की हा फरक लगेच कळतो. त्यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी गदगमध्ये लहानपणी ऐकलेले भीमसेन जोशी पुढे त्यांच्याच घराण्यात, सवाई गंधर्वांकडे, शिकले.

तबकडीपुढे जे बसले नाहीत, त्यांचे काय? जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते, तरी त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांचाही आवाज उरलेला नाही. दोघांची ओळख पटते ती शिष्यांच्या तबकड्यांतून. अल्लादिया खाँ यांची गायकी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडे ऐकावी लागते, तर भास्करबुवांनी १९१६च्या ‘स्वयंवर’ या संगीत नाटकासाठी बांधलेल्या चाली बालगंधर्वांच्या तबकड्यांत सापडतात. मराठी संगीताच्या इतिहासाला या मुद्रिकांइतका भक्कम आधार दुसरा नाही. नाट्यपदांच्या तबकड्यांना दुय्यम समजणाऱ्या संग्राहकाच्या हातून या इतिहासाचा मोठा भाग निसटतो.

लाख आणि खनिज भुकटी यांच्या मिश्रणाची ही तबकडी ठिसूळ होती. पोलादी पिन दर बाजूला बदलावी लागे. न बदलल्यास खाचा झिजून खरखर वाढे. मात्र चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नसे. तालुक्याच्या गावांसाठी ही गोष्ट मोलाची होती. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत गाण्याची परंपरा भजनाची आणि तमाशाची. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या फडामुळे हे नाव महाराष्ट्रभर गेले. आजही पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. ख्यालाच्या मैफलीचे मोठे केंद्र म्हणजे पुणे, नारायणगावहून सुमारे ७५ किलोमीटरवर. इतक्या अंतरावरच्या श्रोत्यापर्यंत ख्याल नेण्याचे काम आधी तबकडीने आणि मग रेडिओने केले.

रेडिओच्या बाबतीत एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर मूळचे पुण्याचे. त्याच वर्षी शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९५३ मध्ये पुणे केंद्र निघाले आणि त्याच वर्षी पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवही सुरू झाला. तीन मिनिटांच्या चौकटीबाहेरचा ख्याल आता घरबसल्या ऐकता येऊ लागला.

लाँगप्ले तबकडीने एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक जागा दिली आणि विलंबित ख्याल बाजारात आला. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या १९७०च्या सुमारास बंद पडल्या. दरम्यान स्पूल टेपरेकॉर्डर रसिकांच्या हाती आला होता आणि खासगी बैठका त्यावर उतरू लागल्या होत्या. त्यामागोमाग कॅसेट आली. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेल्या बुजुर्गांचे गाणे कॅसेटवर प्रसिद्ध केले. हे काम फार मोठे आहे. भीमाशंकर-माळशेजच्या पट्ट्यासारख्या अतिपावसाच्या भागात मात्र टेपला बुरशी लवकर धरते. लाखेची तबकडी फुटते, पण जपली तर टेपपेक्षा कितीतरी जास्त टिकते.

जुन्या तबकड्यांचा शोध मुख्यतः पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार येथे चालत आला आहे. तबकडी हाताशी नसणे काय असते, याचा एक दाखला मोठा आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत पाठवायच्या सुवर्ण-तबकडीसाठी संगीतज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी केसरबाईंची भैरवी सुचवली, पण ती मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. केसरबाई त्याच वर्षी १६ सप्टेंबरला वारल्या; तोपर्यंत दोन्ही याने निघून गेली होती.

विखुरलेल्या संग्रहांना शिस्त लावण्याचे काम १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने केले. सुरेश चांदवणकर यांनी ती अनेक वर्षे चालवली आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचे नियतकालिक काढले. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १९०८ पर्यंतच्या भारतीय मुद्रणांची सूची पुस्तकरूपाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. लेबल, क्रमांक आणि खाचांशेजारी कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक यांवरून तबकडीचे वर्ष ठरवायचे, ही पद्धत यातून रुळली.

श्रवणातली मोठी अडचण वेगाची आहे. जुन्या तबकड्या ठरलेल्या ७८ फेऱ्यांवरच मुद्रित झाल्या असे नाही. मूळ वेग मिनिटाला ७३.६ असलेली तबकडी ७८ वर वाजवली, तर आवाज अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गातो आहे असे वाटते आणि तानही प्रत्यक्षाहून चपळ भासते. हार्मोनियमची पट्टी आणि गायकाची माहीत असलेली पट्टी पडताळून मगच वेग ठरवावा लागतो. संगणकावर चढवलेल्या बऱ्याच प्रतींमध्ये ही पडताळणी झालेली नाही. काहींत तर लेबलाची माहितीही गळाली आहे.

भारतीय कायद्याने प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरील हक्क पुढच्या वर्षापासून ६० वर्षांनी संपतो. त्यामुळे ७८ फेऱ्यांच्या बहुतेक तबकड्या आता मुक्त आहेत. खासगी मैफलींच्या टेपांचे तसे नाही. त्या कधी प्रसिद्धच झालेल्या नसल्याने प्रकाशनापूर्वी कलावंत किंवा त्यांच्या वारसांची संमती पाहावी लागते. सत्यशील देशपांडे यांच्या संवाद फाउंडेशनसारख्या संस्थांनी अशी मैफलीची मुद्रणे अभ्यासकांसाठी जमवली आहेत.