धाकट्याचे उद्योग, थोरल्याची लेखणी

नव्वदएक वर्षांपूर्वी म्हैसूरमध्ये पोरांचा एक क्रिकेट संघ होता. नाव मोठं ऐटदार: ‘रफ अँड टफ अँड जॉली’. या संघाचा कप्तान होता एका मुख्याध्यापकांचा सगळ्यात धाकटा मुलगा. क्रिकेट असो की चार पैसे कमवायच्या खटपटी, या पोराचे उद्योग घरातला एक मोठा भाऊ बारकाईने बघत होता. पुढे त्यातूनच ‘दोडू द मनी मेकर’ आणि ‘द रीगल क्रिकेट क्लब’ या कथा लिहिल्या गेल्या. मोठ्या भावाचं नाव आर. के. नारायण आणि कप्तान म्हणजे आर. के. लक्ष्मण. ‘कॉमन मॅन’मुळे मराठी घराघरांत सकाळच्या चहाबरोबर भेटत आले, तेच हे लक्ष्मण.

नारायण यांचा जन्म १९०६ चा, लक्ष्मण यांचा १९२१ चा. अंतर तब्बल पंधरा वर्षांचं. आठ भावंडांच्या त्या घरात लक्ष्मण शेंडेफळ. एवढं अंतर असलं की थोरला भाऊ खेळगडी उरत नाही, अर्धा पालक होतो. या दोघांचं मात्र निराळंच जुळलं.

त्याचं कारण नारायण यांच्या लहानपणात असावं. वडिलांच्या बदल्यांच्या नोकरीमुळे ते आईवडिलांपासून दूर, मद्रासच्या पुरसवाकम भागात आजीजवळ वाढले. तिथे त्यांचे सवंगडी कोण, तर एक मोर आणि एक माकड. आजीने गोष्टी सांगितल्या, पाढे आणि श्लोक पाठ करून घेतले, मायाही भरपूर केली. पण भावंडांच्या गराड्यात जो दंगा होतो तो त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही. वडील म्हैसूरच्या महाराजा कॉलेजिएट हायस्कूलचे मुख्याध्यापक झाल्यावर ते त्या शहरात आले, तेव्हा बालपण सरत आलं होतं. मग घरात एक लहान भाऊ दिवसभर उंडारतो आहे, टोळी जमवतो आहे, हे त्यांनी डोळे भरून पाहिलं. भावंडांमधलं बालपण त्यांना असं धाकट्याच्या हातून मिळालं, असं त्यांच्या कथा वाचताना वाटत राहतं.

धाकट्याचं पहिलं वेड चित्रांचं. कागद मिळो न मिळो, घरातली जमीन, दारं, भिंती होत्याच. शाळेत एकदा मास्तरांनी वर्गाला पान काढायला सांगितलं. लक्ष्मणने पिंपळाचं पान काढलं आणि मास्तरांनी त्याची तोंडभरून तारीफ केली. आपण चित्रकार होणार हे तेव्हापासून त्याच्या मनाने घेतलं. दुसरं वेड कावळ्यांचं. घराभोवतीची हिरवी झाडं, तांबडी माती, निळं आभाळ आणि या सगळ्यात उठून दिसणारा काळाभोर कावळा. हा पक्षी त्यांनी आयुष्यभर रेखाटला. राजकारण्यांची नाकं रेखाटून हात दमला की ते कावळ्यांकडे वळत, असं म्हणायला हरकत नाही.

१९३० साली विजयादशमीच्या दिवशी नारायण यांनी वही उघडली आणि मालगुडी नावाचं एक रेल्वे स्टेशन त्यांना सुचलं. त्यातून उभी राहिलेली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही कादंबरी १९३५ मध्ये ग्रॅहम ग्रीन यांच्या खटपटीने लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातही क्रिकेट क्लब आहेच. बॅट, स्टंप, बॉल हवेत म्हणून ही पोरं मद्रासच्या एका दुकानाला पत्र लिहितात. काही रक्कम आगाऊ पाठवा, असं दुकानाचं रीतसर उत्तर येतं. ती व्यापारी इंग्रजी कोणालाच कळत नाही. मग हे पत्र दुसऱ्या कोणाचं तरी चुकून आपल्याकडे आलं, असं ठरवून पोरं ते परत पाठवून देतात! मुलांचं सामूहिक डोकं कसं चालतं, हे इतक्या प्रेमाने टिपलेलं फार कमी वाचायला मिळतं. स्वामीचा मिशन शाळेतला तास मद्रासहून आलेला आहे. नारायण स्वतः तशा शाळेत शिकले होते. टोळीची ही हवा मात्र म्हैसूरची वाटते.

गावाची माया पायी हिंडून वाढते आणि नारायण भरपूर हिंडले. कुक्करहळ्ळी तळ्याकाठी ते पुस्तक घेऊन बसत. मद्रासच्या ‘जस्टिस’ या वृत्तपत्राचे बातमीदार म्हणून त्यांनी बाजार, कचेऱ्या, पोलीस चौकी पालथी घातली. मोबदला छापून आलेल्या मजकुराची लांबी मोजून मिळे. पैसा बेताचाच, पण सगळं गाव ओळखीचं झालं.

घरावर संकटही आलं. वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि वर्षभरात ते गेले. जबाबदारी थोरल्यांनी उचलली, धाकट्याचं शिक्षण थांबू दिलं नाही. महाराजा कॉलेजात शिकत असतानाच लक्ष्मण ‘द हिंदू’त येणाऱ्या भावाच्या कथांना चित्रं काढू लागले. एकाच घरात वाढलेल्या दोघांपैकी एकाने गल्ली लिहावी आणि दुसऱ्याने ती काढावी, असा योग वाङ्मयात क्वचितच येतो.

पुढे लक्ष्मण मुंबईला आले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टने त्यांना पूर्वीच प्रवेश नाकारला होता. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने मात्र त्यांना जागा दिली आणि ते महाराष्ट्राचेच झाले. तरी भावाशी असलेली जोडी सुटली नाही. कर्नाटकातल्या भटकंतीवरच्या नारायण यांच्या ‘द एमराल्ड रूट’ या १९७७ च्या पुस्तकात चित्रं लक्ष्मण यांचीच आहेत. शंकर नाग यांच्या ‘मालगुडी डेज’ मालिकेच्या सुरुवातीला दूरदर्शनवर दिसायची ती रेखाचित्रंही त्यांचीच. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेक मराठी वाचकांनी मालगुडी प्रथम त्या रेषांमधूनच पाहिलं. २००१ मध्ये नारायण चेन्नईत गेले आणि २०१५ मध्ये लक्ष्मण पुण्यात.

म्हैसूरच्या यादवगिरी भागात नारायण यांनी बांधलेलं घर २०११ मध्ये पाडायला सुरुवात झाली होती. गावातल्या वाचकांनी आणि लेखकांनी आवाज उठवला, पाडकाम थांबलं. महापालिकेने घर ताब्यात घेऊन दुरुस्त केलं आणि २०१६ मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं. मालगुडीच्या ओढीने निघालेले बहुतेक जण मालिकेचं चित्रीकरण जिथे झालं त्या आगुंब्याला जातात. तिथला पाऊस आणि जुना वाडा पाहण्यासारखा आहेच. पण या दोघा भावांचं गाव पाहायचं असेल तर म्हैसूरला उतरावं. हे कुटुंब जिथे राहायचं ते लक्ष्मीपुरम, मग कुक्करहळ्ळी तळं, मग यादवगिरी, असं पायी फिरावं. सोबत भाऊ किंवा बहीण असेल तर फारच उत्तम.