आधी खात्री, मग नोंद

मंडळी, विकिपीडिया हा इंटरनेटवरचा ज्ञानकोश २००१ साली सुरू झाला. मराठीतही तो आहे. कोणीही लिहावे, चुकले तर दुसऱ्याने दुरुस्त करावे, अशी त्याची रीत. मग एखाद्या शाळेत गोळीबार झाला, तर त्या दिवशी तेथे काय लिहावे?

१४ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेतील न्यूटाउन गावी सँडी हूक प्राथमिक शाळेत एका तरुणाने गोळ्या झाडल्या. २० मुले आणि ६ मोठी माणसे प्राणास मुकली. त्या दिवशी मोठमोठ्या वृत्तसंस्थांनी मारेकरी म्हणून नाव सांगितले ते त्याच्या भावाचे! तो बिचारा निरपराध. दुसऱ्याच राज्यात होता. मारेकऱ्याची आई त्याच शाळेत शिक्षिका, असेही सांगितले. तेही चूक निघाले.

बातमी उद्या शिळी होते, कोशावर मात्र लोक भरवसा ठेवतात. शिवाय तेथे पुसलेली ओळही सहसा जुन्या नोंदींत राहते, बरं का! म्हणून तीन पथ्ये पाळावीत. पोलिसांनी जाहीर केल्याशिवाय कोणाचे नाव घालू नये. आकडा लिहिला, की तो कोठून घेतला तेही लिहावे. आणि गेलेल्या मुलांचे आईबापही हे पान वाचतील, याचे भान ठेवावे.

गुरुजी, उद्या तुमचेच विद्यार्थी या कोशात लिहितील. लवकर लिहिण्यापेक्षा खरे लिहिणे मोठे, एवढे त्यांना आजच सांगा.