रानभाजीतून मुलांना जंगल कसे कळते? बारीपाड्याचा धडा

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात बारीपाडा या आदिवासी पाड्यावर 2004 पासून पावसाळ्यात वनभाजी स्पर्धा भरते. महिला रानातून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात. स्वयंपाकाची ही स्पर्धा मुलांना पर्यावरण कसे शिकवते आणि जळगाव-धुळ्यातील शहरी घरांना त्यातून काय घेता येईल, हे समजून घेऊ.

बारीपाड्यात काय घडले?

तीन-साडेतीन दशकांपूर्वी वृक्षतोडीमुळे गावाभोवतीचे डोंगर उघडे पडले आणि पाण्याची टंचाई वाढली. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने स्वतःच नियम केले. झाड तोडणाऱ्याला दंड बसू लागला, उतारावर पाणी अडवले गेले. आज गाव सुमारे 1,100 एकर जंगल राखते. पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

भाजीचा संबंध काय?

रानभाजीची ओळख पुस्तकापेक्षा आजीकडून लवकर होते. कर्टुल्याचा वेल कंदापासून दरवर्षी पुन्हा फुटतो, म्हणून फळ काढायचे, कंद उपटायचा नाही. बांबूचे सगळेच कोंब खुडले तर बेट वाढणार कसे? शेवळा आंबट घालून नीट शिजवला नाही तर घसा खाजतो. आजीसोबत रानात गेलेल्या नातवंडाला ‘हवे तेवढेच घ्यावे’ हे वेगळे सांगावे लागत नाही. ही ओळख एका पिढीत तुटली, तर जंगल कशासाठी राखायचे हेही पुढच्या पिढीला उमगणार नाही.

शहरातील कुटुंबांनी काय करावे?

बाजार : श्रावणात मुलांना भाजीबाजारात न्यावे. दर आठवड्याला एक रानभाजी विक्रेत्या मावशींकडून समजून घ्यावी आणि घरी मिळून करावी. अनोळखी पाला मात्र स्वतः खुडून खाऊ नये, काही वनस्पती विषारी असतात.

पाणी : गळक्या नळाखाली तासभर भांडे ठेवावे. जमलेले पाणी मुलांनी मोजून 24 ने गुणावे. दिवसभराची नासाडी आकड्यात दिसते आणि वॉशर बदलण्याची घाई मुलेच करतात.

झाड : जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. त्यामुळे जूनमध्ये रोप लावण्यापेक्षा मार्च ते जून ते जगवणे कठीण. एका मुलाकडे एकच कडुनिंब द्यावा. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी त्याला घालण्याचे काम त्याचेच.

सहल : मेहरूण तलाव किंवा पांझरेकाठी जाताना डबा आणि पाण्याची बाटली घरची न्यावी, कचरा परत आणावा. पांझरा खोऱ्यातील फड पद्धतीत शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाटून घेत आले, हेही मुलांना तिथेच सांगता येते.

कुठे चुकते?

मोठी माणसे नळ सुरू ठेवून दात घासतात आणि मुलांना पाणीबचतीवर निबंध लिहायला सांगतात. मुले निबंध विसरतात, नळ लक्षात ठेवतात. बारीपाड्यात नियम आधी मोठ्यांनी पाळला. घरातही सुरुवात तिथूनच करावी लागेल.