शहराच्या उजेडातला चंद्र
मुंबईच्या झगमगाटात आकाशगंगा हरवते, पण चंद्राचे फारसे बिघडत नाही. त्याचा दिसणारा भाग उन्हातच असतो. म्हणून फोटोसाठीही दिवसाउजेडाचेच गणित लागते: पौर्णिमेला आयएसओ १००, एफ/११ आणि सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग. कॅमेरा ऑटोवर ठेवला, तर तो काळ्या आकाशाच्या हिशेबाने जास्त प्रकाश घेतो आणि चंद्राचा नुसता पांढरा ठिपका उरतो. विवरे पाहायला मात्र पौर्णिमा सर्वांत वाईट, कारण तेव्हा सावल्याच नसतात. शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर त्या लांब पडतात आणि साध्या १०×५० द्विनेत्री दुर्बिणीतूनही विवरांच्या कडा सुरेख उठून दिसतात. खरा अडथळा तापलेल्या गच्च्यांवरून उठणाऱ्या गरम हवेचा. चंद्र आकाशात बराच वर आला की प्रतिमेची थरथर कमी होते.