डोळ्यांसमोर सामना, कानाशी ट्रान्झिस्टर

भोरजवळच्या आंबवड्याला लोक जातात ते नागेश्वराचे देऊळ आणि झुलता पूल पाहायला. मी गेलो होतो तो परिसरातील विज्ञान शिक्षकांशी गप्पा मारायला. संध्याकाळी मैदानावर मुलांचा फुटबॉल रंगला होता. तो पाहता पाहता एका ज्येष्ठ गुरुजींनी जुनी आठवण सांगितली. तरुणपणी ते मुंबईला वानखेडे स्टेडियमवर कसोटी सामना पाहायला गेले होते आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ट्रान्झिस्टर बरोबर नेला होता. ‘‘समोरच्या स्टँडमधला जल्लोष मला दोनदा ऐकू यायचा,’’ ते म्हणाले. ‘‘आधी ट्रान्झिस्टरमधून आणि मग खराखुरा. मी मैदानातच बसलेलो. मग रेडिओ माझ्या आधी कसा पोहोचायचा?’’

शेजारी बसलेल्या तरुण शिक्षिकेला वेगळाच प्रश्न पडला. ‘‘पण गुरुजी, सामना डोळ्यांना दिसत असताना रेडिओ ऐकायचाच कशाला?’’

दोन्ही प्रश्न वर्गात विचारण्याजोगे आहेत. आधी दुसरा घेऊ.

डोळ्याची मर्यादा

निरोगी डोळा साधारण एक मिनिट कोनापर्यंतचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखू शकतो. 100 मीटर अंतरावर या कोनात सुमारे 3 सेंटिमीटर लांबी बसते. फुटबॉलचा व्यास सुमारे 22 सेंटिमीटर असतो, तेव्हा चेंडू दिसतो. पण तो हाताला लागला की छातीला, पडलेला खेळाडू कोण, पंचाने नेमक्या कोणाला ताकीद दिली, हे इतक्या अंतरावरून ओळखणे कठीण असते. क्रिकेटमध्ये तर चेंडूच जेमतेम 7 सेंटिमीटरचा. तो बॅटची कड घेऊन गेला की पॅडला लागून, हे प्रेक्षकाला केवळ नजरेने कसे कळणार?

समालोचकाची जागा मोक्याची असते, जवळ दुर्बीण असते, खेळाडूंची यादी असते, शेजारी धावफलक लिहिणारा असतो. म्हणून मैदानावरचा जाणता प्रेक्षकही त्याचे डोळे उसने घेतो. कोलकात्यात फुटबॉलच्या आणि मुंबईत क्रिकेटच्या प्रेक्षकांमध्ये कानाला ट्रान्झिस्टर लावलेली माणसे दिसत, ती या कारणाने. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून मराठीत धावते समालोचन सुरू केल्यावर इंग्रजी न समजणार्‍यांनाही असे डोळे मिळाले.

मुळात ही कला न पाहणार्‍यांसाठी जन्मली. 22 जानेवारी 1927 रोजी बीबीसीने आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्यातील फुटबॉल सामन्याचे समालोचन प्रसारित केले. त्यासाठी मैदानाचा आराखडा आठ चौकोनांत विभागून आधीच साप्ताहिकात छापला होता. एक जण खेळाचे वर्णन करी आणि दुसरा चेंडू असलेल्या चौकोनाचा क्रमांक सांगे. आपल्याकडे 1934 मध्ये मुंबईत ए. एफ. एस. तल्यारखान यांनी क्रिकेट सामन्याचे वर्णन रेडिओवरून केले. घरी बसलेल्या माणसासाठी निघालेला हा आवाज पुढे ट्रान्झिस्टर खिशात मावू लागल्यावर मैदानात परत आला.

दोन निरोपे

आता गुरुजींचा प्रश्न. त्यांच्याकडे एकाच जल्लोषाची बातमी दोन निरोपे आणत होते. एक हवेतून येणारा ध्वनी. त्याचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. दुसरा रेडिओ तरंग. त्याचा वेग प्रकाशाइतकाच, म्हणजे सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर.

समजा, समालोचक समोरच्या स्टँडमध्ये आहे आणि गुरुजी त्याच्यापासून 200 मीटरवर आहेत. समालोचकाच्या आसपासचे प्रेक्षक ओरडले. तो आवाज हवेतून गुरुजींपर्यंत यायला 200 भागिले 340, म्हणजे सुमारे 0.6 सेकंद लागले. तोच आवाज जवळच्या मायक्रोफोनमध्ये शिरला, तिथून तारेने आकाशवाणीच्या यंत्रणेत, प्रक्षेपकातून आकाशात आणि परत ट्रान्झिस्टरमध्ये. हा सारा प्रवास काही दहा किलोमीटरांचा धरला तरी त्याला सेकंदाचा हजारावा भागही पुरेसा झाला. म्हणून गुरुजींना जल्लोष दोनदा ऐकू आला, आणि रेडिओतला आधी.

इथे मी मुलांना नेहमी एक गणित घालतो. सामना मुंबईत आहे आणि तुम्ही आंबवड्यात रेडिओ लावून बसला आहात. सरळ रेषेत अंतर सुमारे 140 किलोमीटर. रेडिओ तरंगाला तिथे यायला किती वेळ लागेल? उत्तर येते 0.00047 सेकंद. तेवढ्या वेळात मैदानावरचा ध्वनी किती पुढे सरकेल? सुमारे 16 सेंटिमीटर. आपली वीतही याहून मोठी असते! म्हणजे आवाज कधी पोहोचतो एवढेच पाहिले, तर आंबवड्यातला श्रोता जणू समालोचकाच्या मायक्रोफोनपासून एका वितीच्या आत कान ठेवून बसलेला असतो. तिकीट काढून पलीकडच्या स्टँडमध्ये बसलेले गुरुजी मात्र 200 मीटर लांब. तारेचा आणि प्रक्षेपकाचा वळसा धरला तर विती दोन-चार होतील, इतकेच.

या जुन्या कोड्यात एक मेख आहे आणि ती मुलांना शोधू द्यावी. ‘दूर बसलेल्या रेडिओ श्रोत्याला बॅटचा किंवा लाथेचा आवाज प्रेक्षकाच्या आधी ऐकू येतो’ असे सरसकट म्हणणे चूक आहे. मायक्रोफोन कुठे आहे, यावर सारे अवलंबून. तो समालोचकाच्या कक्षात, गोलपासून 80 मीटरवर असेल, तर लाथेचा आवाज आधी हवेतून 80 मीटर चालत जाणार आणि मगच रेडिओच्या वाटेला लागणार. अशा वेळी गोलमागे 20 मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला तो रेडिओ श्रोत्याच्या कितीतरी आधी ऐकू येतो. शिवाय समालोचकाचे शब्द ही तिसरीच गोष्ट. दिसलेल्या घटनेला प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. त्यातून वाक्य जुळवून ते उच्चारायला आणखी वेळ जातो. गोल आधी दिसतो, मग ऐकू येतो आणि मग ‘गोल’ हा शब्द कानावर पडतो.

‘थेट’ म्हणजे किती थेट?

आज स्टेडियममध्ये ट्रान्झिस्टरची जागा मोबाईलने घेतली आहे. पण मोबाईलवरच्या इंटरनेटमधून समालोचन ऐकले तर ते बरेच मागे राहिलेले आढळते. तरंगांचा वेग कमी झालेला नाही. विलंब होतो तो वाटेतल्या कामांमुळे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो. संदेश तिथे जाऊन परत यायलाच 0.24 सेकंद लागतात. त्यानंतर आवाजाचे आकड्यांत रूपांतर, त्या आकड्यांचे आकुंचन, त्यांचे तुकडे करून पाठवणे, आणि मध्येच आवाज तुटू नये म्हणून काही तुकडे मोबाईलमध्ये साठवून मग ऐकवणे, या सगळ्यात कित्येक सेकंद, कधी अर्धा मिनिटही जातो. शेजारच्या घरातून आरडाओरडा आधी येतो आणि आपल्या पडद्यावर गोल नंतर होतो, त्याचे कारण हेच.

डोळस प्रेक्षकाला हा उशीर फक्त विनोदी वाटतो. पण मैदानावर येणार्‍या अंध प्रेक्षकाचा विचार करा. त्याला भोवतीचा जल्लोष ऐकायचा आहे, मित्रांबरोबर उठून ओरडायचे आहे, म्हणून तो घरी न बसता मैदानात आला आहे. त्याच्या कानातले वर्णन वीस सेकंद मागे असेल, तर सारे स्टेडियम उसळते तेव्हा त्याच्या कानात चेंडू अजून मध्यरेषेवरच असतो. तो गर्दीत बसूनही एकटा पडतो. म्हणून अशा प्रेक्षकांसाठी मैदानातच, जवळच्या जवळ, विलंब न होणार्‍या रेडिओवरून वर्णन पोहोचवणे महत्त्वाचे ठरते. 2014 मध्ये ब्राझीलमधील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत चार स्टेडियममध्ये अंध आणि अल्पदृष्टी प्रेक्षकांसाठी खास वर्णनात्मक समालोचनाची सोय होती. तरुण शिक्षिकेच्या प्रश्नाचे हे सर्वांत वजनदार उत्तर आहे. शेजारच्याला सामना दिसतो म्हणून तो सगळ्यांनाच दिसतो असे नाही.

शाळेच्या मैदानावर

यासाठी आकाशवाणीची गरज नाही. 15 ऑगस्टला लागणारा कर्णा, अॅम्प्लिफायर आणि मंडपवाल्याकडची लांब वायर एवढे पुरे. मैदानाच्या एका टोकाला हलगी वाजवणारा मुलगा उभा करा. मायक्रोफोन त्याच्या शेजारी ठेवा. वायर लांबवून कर्णा मुलांच्या घोळक्याजवळ न्या आणि त्याचा आवाज अगदी लहान ठेवा, नाहीतर खरा आवाज दबून जाईल. आता हलगीवर एकच टिपरी मारायची. 100 मीटरवरून हात खाली येताना दिसतो, त्याच क्षणी कर्ण्यातून आवाज येतो आणि सुमारे 0.3 सेकंदाने हवेतून दुसरा. कर्णा आणि मुले 50, मग 25 मीटरवर आणा. दोन आवाज कुठे एकमेकांत मिसळू लागतात ते मुलांनी नोंदवावे. प्रतिध्वनीच्या पाठात आपण 0.1 सेकंद ही मर्यादा सांगतो. तिच्याशी, म्हणजे 34 मीटरशी, मुलांचे उत्तर कितपत जुळते? हलगीसारख्या तुटक आवाजाला याहून कमी अंतरही पुरते का? एक सावधगिरी घ्यावी. ब्लूटूथचा माईक किंवा स्पीकर वापरू नये. त्याचा स्वतःचाच विलंब प्रयोग बिघडवतो.

दुसरा प्रयोग खेळाच्या तासाला करावा. मैदानाचे आठ चौकोन फळ्यावर काढा. एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि दुसर्‍याने त्याला सामना सांगायचा. चेंडू कोणत्या चौकोनात आहे, हे पट्टी बांधलेल्याने बोटे दाखवून सांगायचे. मग सांगणार्‍याला मुद्दाम दहा सेकंद उशिरा बोलायला लावा. काय बदलले, हे पट्टी सोडल्यावर त्या मुलालाच विचारा.

आंबवड्यात त्या संध्याकाळी कर्णा नव्हता. पण गुरुजींनी दोन फळकुटे घेतली, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन ती एकमेकांवर आपटली, आणि आवाज हातांच्या मागून आला. खेळणारी मुले चेंडू सोडून पाहत राहिली. मग त्यांच्यातल्या एकाने विचारले, ‘‘गुरुजी, मग आम्ही गोल केला की तुम्हाला तो उशिरा कळतो?’’ गुरुजी म्हणाले, ‘‘दिसतो लगेच. ऐकू येतो उशिरा.’’